हृदयाचा पंप : कोणाच्या मापाचा?

हृदय हा स्नायूंचा पंप आहे, हे वाक्य आपण दरवर्षी वर्गात शिकवतो. पंप बिघडला तर दुरुस्त करावा, दुरुस्ती जमत नसेल तर दुसरा बसवावा, हा विचार सातवी-आठवीच्या मुलालाही सुचतो. डॉक्टर आणि अभियंते गेली सत्तरएक वर्षे नेमका हाच प्रयत्न करीत आहेत. त्या प्रयत्नांचा इतिहास पाहताना एक प्रश्न मात्र वारंवार समोर येतो. हा दुसरा पंप कोणाच्या मापाने बनवला गेला?

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. भारतातील पहिले हृदय-प्रत्यारोपण डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात केले. दक्षिण आफ्रिकेत जगातील पहिले प्रत्यारोपण होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. त्यानंतर मुंबईत यशस्वी हृदय-प्रत्यारोपण होण्यास तब्बल ४७ वर्षे लागली. मधल्या काळात, १९९४ च्या कायद्याने मेंदुमृत्यूला मान्यता मिळाली आणि मृत व्यक्तीचे हृदय घेण्याचा मार्ग मोकळा झाला. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्यातील ४२ वर्षांच्या एका मेंदुमृत स्त्रीचे हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात आणले गेले आणि डॉ. अन्वय मुळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २२ वर्षांच्या एका तरुणाला बसवले.

देणारी स्त्री आणि घेणारा पुरुष, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. एका उदाहरणावरून नियम काढू नये, हे आपणच मुलांना सांगतो. पण देशाचे आकडे पाहा. १९९५ ते २०२१ या काळात भारतात नोंद झालेली सर्व अवयवांची प्रत्यारोपणे ३६,६४० होती. त्यांपैकी स्त्रियांना मिळालेली ६,९४५, म्हणजे पाचांत एकही नाही. हा पाचांत एकाचा आकडा लक्षात ठेवावा, तो पुन्हा भेटणार आहे.

दात्याचे हृदय कधी मिळेल, हे सांगता येत नाही. तोवर रुग्णाला तगवायचे कसे? यासाठी यांत्रिक पंप लागतो. हृदयाची डावी जवनिका सर्व शरीराला रक्त पुरवते, म्हणून बहुधा तीच आधी थकते. पंपाची एक नळी या जवनिकेच्या टोकाला बसवतात आणि दुसरी महाधमनीला जोडतात. जवनिकेतील रक्त पंप ओढून घेतो आणि महाधमनीत सोडतो. मूळ हृदय जागेवरच राहते, त्याचा भार तेवढा हलका होतो. पंपाची तार पोटाच्या त्वचेतून बाहेर येते आणि रुग्ण कमरेला लावलेल्या बॅटरीवर हिंडतोफिरतो.

या तंत्राच्या इतिहासातील पहिली दोन मोठी यशे स्त्रियांच्या शरीरावरची आहेत. ६ मे १९५३ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. रुग्ण १८ वर्षांची तरुणी होती. तिच्या हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम यंत्राने २६ मिनिटे पूर्णपणे सांभाळले. हे यंत्र घडवण्यात गिबन यांच्या पत्नी मेरी यांनी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे काम केले होते. पुढे ऑगस्ट १९६६ मध्ये ह्यूस्टन येथे मायकेल डीबेकी यांनी ३७ वर्षांच्या एका स्त्रीला झडपांच्या शस्त्रक्रियेनंतर शरीराबाहेर ठेवलेला साहाय्यक पंप जोडला. दहा दिवसांनी तिचे स्वतःचे हृदय सावरले, पंप काढला आणि ती बरी होऊन घरी गेली. साहाय्यक पंपाने वाचलेली ही पहिली व्यक्ती मानली जाते.

मग स्त्रिया मागे कशा पडल्या? पंप शरीराच्या बाहेर होता तोवर त्याच्या आकाराला महत्त्व नव्हते. तो शरीरात ठेवायचा ठरल्यावर जागेचा प्रश्न आला. १९८२ मध्ये बसवलेले ‘जार्विक-७’ हे कृत्रिम हृदय पुरुषाच्या छातीत कसेबसे मावत असे. डिसेंबर १९८५ मध्ये एका स्त्रीला प्रथमच कृत्रिम हृदय बसवले, तेव्हा त्याची मुद्दाम बनवलेली लहान आवृत्ती वापरावी लागली. साहाय्यक पंपांचीही हीच गत होती. ‘हार्टमेट’ या पंपाचे त्या काळातील रूप एक किलोहून अधिक वजनाचे होते आणि ते पोटाच्या भिंतीत बसवत. त्यासाठी रुग्णाच्या शरीराचे पृष्ठक्षेत्रफळ किमान १.५ चौरस मीटर असावे, असा दंडक होता.

हा दंडक काय सांगतो, ते आपण वर्गातच तपासू शकतो. उंची सेंटिमीटरमध्ये आणि वजन किलोग्रॅममध्ये घ्यावे, त्यांच्या गुणाकाराला ३६०० ने भागून वर्गमूळ काढावे. उत्तर चौरस मीटरमध्ये मिळते. १६५ सेंटिमीटर उंचीच्या, ६० किलो वजनाच्या पुरुषाचे पृष्ठक्षेत्रफळ १.६६ येते. १५२ सेंटिमीटर उंचीच्या, ४८ किलो वजनाच्या स्त्रीचे १.४२ येते. म्हणजे आपल्याकडील सर्वसाधारण बांध्याचा पुरुष रेषेच्या आत आणि तशीच सर्वसाधारण स्त्री रेषेच्या बाहेर! कोणीही स्त्रियांना नको म्हटले नव्हते. नकार पंपाच्या आकारातच घडवलेला होता.

चाचण्यांचे नियमही स्त्रियांना अनुकूल नव्हते. अमेरिकेत १९७७ च्या एका मार्गदर्शक सूचनेने मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधांच्या प्राथमिक चाचण्यांतून वगळले होते. हेतू गर्भाच्या रक्षणाचा होता. परिणाम असा झाला, की पुरुषांवरून काढलेले निष्कर्ष सर्वांना लागू करण्याची सवय पडली. सरकारी पैशातून होणाऱ्या वैद्यकीय संशोधनात स्त्रियांचा समावेश हवाच, असा कायदा तेथे १९९३ मध्ये झाला.

२००१ मध्ये १२९ रुग्णांवरील एका चाचणीने पंपाची उपयुक्तता सिद्ध केली. केवळ औषधांवर असलेल्यांपैकी वर्षाअखेर २५ टक्के जिवंत होते, पंप बसवलेल्यांपैकी ५२ टक्के. त्यानंतर ठोके देणाऱ्या पंपांऐवजी पात्याच्या फिरकीने सतत प्रवाह देणारे लहान पंप आले. (असा पंप असलेल्या माणसाची नाडी पुष्कळदा हाताला लागत नाही!) ‘हार्टमेट-२’ला २००८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, तेव्हा तो लहान चणीच्या स्त्री-पुरुषांनाही बसवता येईल, याचा मुद्दाम उल्लेख झाला. त्यानंतरच्या ‘हार्टमेट-३’ या पंपाचे वजन २०० ग्रॅमच्या आसपास असून तो हृदयाला लागूनच बसतो.

आकाराची अडचण संपली, तेव्हा फरकही संपायला हवा होता. अमेरिकेत २००६ पासून अशा पंपांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. २००८ ते २०१७ या काळातील सुमारे १९ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्त्रिया २१ टक्के निघाल्या. पुन्हा तोच पाचांत एकाचा आकडा! शिवाय पंप बसवल्यावर स्त्रियांत पक्षाघात आणि रक्तस्राव अधिक, मृत्यूचे प्रमाण थोडे अधिक आणि प्रत्यारोपणापर्यंत पोचण्याचे प्रमाण थोडे कमी आढळले. उलट, स्वतःचे हृदय सावरून पंप काढता येण्याचे प्रमाण स्त्रियांत अधिक होते, जरी दोघांतही ते अगदी अल्प आहे. ‘हार्टमेट-३’च्या नोंदींत जगण्याच्या प्रमाणातील अंतर बहुतांशी मिटलेले दिसते. पंप बसवून घेणाऱ्यांतील स्त्रियांचे प्रमाण मात्र फारसे हललेले नाही.

येथे घाईने निष्कर्ष काढणे बरे नव्हे. हृदय दुबळे होण्याचे दोन प्रकार आहेत. एकात जवनिका सैल पडून तिचा जोर कमी होतो. दुसऱ्यात ती ताठर होऊन नीट भरत नाही. हा पंप पहिल्या प्रकारात उपयोगी पडतो आणि तो पुरुषांत अधिक आढळतो. त्यामुळे ‘पन्नास टक्के का नाहीत?’ असे विचारणे चुकीचे ठरेल. ज्यांना पंपाचा उपयोग झाला असता अशा स्त्रियांपैकी किती जणींना तो मिळाला, हा खरा प्रश्न आहे. अपूर्णांक वाचताना छेद तपासावा, हा गणिताच्या तासाचा धडा येथे जसाच्या तसा लागू पडतो.

फरकाची कारणेही एका जातीची नाहीत. काही शरीरातील आहेत. लहान जवनिकेत नळी भिंतीला टेकून प्रवाह अडखळू शकतो. डाव्या बाजूला पंप मिळाला, तरी त्याच्या प्रवाहाशी जुळवून घेणे उजव्या जवनिकेला झेपेलच असे नाही. काही कारणे उपचारातील आहेत. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवावे लागते. ते जास्त झाले तर रक्तस्राव, कमी झाले तर पक्षाघात. हा तोल ज्या अनुभवावर ठरला, त्यात पाचांपैकी चार पुरुषच होते. आणि काही कारणे रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचण्यापूर्वीची आहेत. स्त्रिया पंपासाठी येतात तेव्हा त्यांचा आजार बहुधा अधिक पुढे गेलेला असतो.

हे शेवटचे कारण आपल्या सर्वांत जवळचे आहे. ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची झडप आकसण्याचा विकार आपल्याकडे स्त्रियांत अधिक दिसतो. बाळंतपणाच्या आगेमागे हृदयाचा स्नायू दुबळा होण्याचा विकार तर केवळ त्यांनाच होतो. दम लागणे, पायांवर सूज, रात्री उशाला दोन उशा घेतल्याशिवाय झोप न येणे, ही याची लक्षणे. ती बाईने सांगितली, तर ‘अशक्तपणा आहे, बाळंतपणानंतर व्हायचेच’ असे म्हणून घरात सोडून दिली जातात. पंपाची किंमत अनेक लाखांपासून कोटीच्या घरात जाते. अंधेरी असो वा घाटकोपर, फार थोडी कुटुंबे एवढा खर्च उभारू शकतात, आणि तो कोणासाठी उभारायचा हे घरातच ठरते. पण दम लागणाऱ्या बाईला वेळेवर डॉक्टरकडे नेण्यास कोटी रुपये लागत नाहीत. बहुतेकींना पंपाची गरज पडूच नये, यासाठीही तेच करावे लागते.

पृष्ठक्षेत्रफळाचे गणित नववी-दहावीच्या वर्गात जरूर करून पाहावे. मुलांनी घरातील मोठ्या माणसांची मापे, नावे न लिहिता, स्त्री-पुरुष अशा दोन स्तंभांत मांडावीत. १.५ ची रेषा ओढून प्रत्येक बाजूला कितीजण येतात ते मोजावे. त्यानंतर मुलांना विचारावे : पंप कोणासाठी बनवायचा हे ठरवणाऱ्यांनी हा तक्ता आधी पाहिला असता, तर त्यांनी काय वेगळे केले असते?