हॉजेससाठीं प्रार्थना

१९५३ च्या मे महिन्यांतील एका रविवारीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन विभागांतल्या एका कॅथलिक देवळांत फादर हर्बर्ट रेडमंड यांनीं प्रवचन केलेंच नाहीं. उकाडा फार होता. ईश्वराच्या आज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठीं प्रार्थना करा, एवढें सांगून ते थांबले. हा हॉजेस कांहीं मरणोन्मुख नव्हता. तो 'डॉजर्स' या बेसबॉल-संघांतील नामांकित खेळाडू होता, आणि त्याच्या फळीला चेंडू लागेनासा झाला होता!

क्रिकेटवर वाढलेल्या आपणांस हें दुःख चटकन् उमजणार नाहीं. बेसबॉलमध्यें दहांपैकीं तीनदां टोला साधणारा फलंदाज थोर गणला जातो. म्हणजे सातदां हुकणें हा थोरांचाही नित्यक्रम. मग साधें अपयश कोठें संपलें आणि पडता काळ कोठें सुरू झाला, हें ठरवावयाचें कोणीं? तें ठरवितात वर्तमानपत्रांतले आंकडे, आणि ते रोज सकाळीं न्याहारीबरोबर घरोघर पोंचतात.

हॉजेस हा इंडियानांतील एका खाणकामगाराचा मुलगा. ओकिनावाच्या लढाईंतून परतलेला, अबोल आणि धिप्पाड. १९५० सालीं त्यानें एकाच सामन्यांत चार 'होम रन' मारले होते. १९५२ च्या हंगामांत बत्तीस. परंतु त्याच वर्षीं ऑक्टोबरांत 'यांकीज'विरुद्धच्या 'वर्ल्ड सीरीज'मध्यें सात सामन्यांतील एकवीस प्रयत्नांत त्याला एकही टोला साधला नाहीं. पांच सामन्यांअखेर ब्रुकलिन ३-२ असें पुढें होतें. शेवटचे दोन्ही सामने तें घरच्या मैदानावर हरलें. पुढील वसंतांतही तेंच दुर्दैव चालू राहिलें.

अशा वेळीं प्रेक्षक हुर्यो करतात, हा सर्वत्रचा अनुभव. बोस्टनच्या टेड विल्यम्सला १९४६ च्या मालिकेंत पंचवीस प्रयत्नांत पांचच टोले मिळाले. तेथील पत्रकारांशीं त्याचें वैर जन्मभर टिकलें, आणि १९५६ मध्यें तर प्रेक्षकांच्या दिशेनें थुंकल्याबद्दल त्याला पांच हजार डॉलर दंड झाला. ब्रुकलिननें मात्र हॉजेसला पत्रें, तोडगे, ताईत आणि जपमाळा पाठविल्या. आजवर या गोष्टीचें कौतुकच झालें आहे. मला मात्र त्या मुक्या माणसाची कींव येते. शिवी परत देतां येते, आणि विल्यम्सनें ती दिली; जपमाळ कोणीं कोणाला परत करावी? एवढ्या लोकांची माया पाठीशीं घेऊन चुकणें, हें हुर्योपेक्षां सोपें असेल असें मला वाटत नाहीं.

संघाचे व्यवस्थापक चक् ड्रेसन यांनीं थोडा निराळा उपाय केला. त्यांनीं हॉजेसच्या खेळाचें चलच्चित्र घेवविलें आणि चेंडू येतांना त्याचा पाय मागें सरतो, हें त्याला डोळ्यांनीं दाखविलें. प्रार्थना फळली कीं चित्रपट, याचा निवाडा ब्रुकलिनच्या लोकांनीं आपापल्या श्रद्धेप्रमाणें केला. हंगामाअखेर हॉजेसची सरासरी हजारीं ३०२ झाली. त्या वर्षींही मालिका यांकीजनींच जिंकली, पण या खेपेस हॉजेस हुकला नव्हता.

ब्रुकलिनचें पहिलें आणि शेवटचें अजिंक्यपद १९५५ च्या ४ ऑक्टोबरला आलें. सातव्या सामन्यांत डॉजर्सच्या दोनच धांवा झाल्या, यांकीजची एकही नाहीं. त्या दोन्ही धांवा हॉजेसच्या फळीनें आणल्या. दोनच वर्षांनीं संघ लॉस एंजेलिसला निघून गेला आणि १९६० सालीं तें मैदानही पाडलें गेलें.