ट्रोपोनिन चौपट!

रक्त तपासून हार्ट अटॅक ओळखायची सुरुवात झाली 1954 साली, न्यूयॉर्कमध्ये. आर्थर कार्मेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अटॅकनंतर एसजीओटी नावाचं एन्झाइम रक्तात वाढतं. पंचाईत एवढीच, की ते कावीळ झाली तरी वाढतं! मग सीके-एमबी आलं. आणि मग ट्रोपोनिन. हे प्रथिन जपानच्या सेत्सुरो एबाशींना 1960च्या दशकात सापडलं, तेही स्नायू कसा आकुंचन पावतो हे शोधताना. हृदयातल्या ट्रोपोनिनची रक्ततपासणी जर्मनीत ह्यूगो काटुस यांच्या गटाने 1989च्या सुमारास आणली. हृदयाच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपतं.

आता गंमत बघा. अँजिओप्लास्टीत (पहिली 1977, झुरिच, आंद्रेयास ग्रुंट्झिग) फुग्याने धमनी रुंद करतात. तेवढा वेळ रक्त अडतं, कधी एखादी बारीक फांदी बुजते, आणि बरं करता करताच थोडं ट्रोपोनिन सांडतं. किती सांडलं म्हणजे घाबरायचं?

आमच्या देऊळघाटच्या मामांची प्लास्टी संभाजीनगरला झाली. आधीचा रिपोर्ट नॉर्मल, दुसऱ्या दिवशी मर्यादेच्या चौपट. मामींचा फोन, "काऊन वाढलं रे बाप्पा हे?" डॉक्टर "ठीक आहे" म्हणून पुढच्या पेशंटकडे गेलेले.

हाच आकडा 2007 साली आला असता, तर त्या वर्षीच्या जागतिक व्याख्येनुसार मामांना अटॅक आला असं धरलं असतं, कारण तेव्हा तिपटीच्या वर गेलं की झालं. 2012मध्ये रेषा पाचपटीवर सरकली, शिवाय छातीत दुखणं, ईसीजीतला बदल असा आणखी पुरावा लागू लागला. 2018च्या व्याख्येतही पाचपटच. म्हणजे आज मामांना नुसती 'इजा'. रक्त तेच, बरं का! अमेरिकेत प्लास्टी करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेने तर 2013मध्ये 70 पटीपर्यंत मजल मारली. फुगा ज्यांच्या हातात, त्यांची रेषा सगळ्यात लांब. अर्थात त्यांचंही म्हणणं अगदीच पोकळ नाही. पुढे खरोखर नुकसान करणारी वाढ तेवढी मोजा, बाकी सोडा, असं ते म्हणतात.

मला या भांडणापेक्षा प्लास्टीच्या आधीचा आकडा महत्त्वाचा वाटतो. तोच वाढलेला असेल तर पुढच्या धोक्याचा अंदाज नंतरच्या वाढीपेक्षा त्यावरून जास्त चांगला येतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. आणि तो घेतलाच नसेल, तर नंतरचं ट्रोपोनिन फुग्याने सांडलं की आधीपासून गळत होतं, हे कळायला मार्ग नाही. घरचे मात्र नंतरचाच कागद जपून ठेवतात. आधीचा बहुतेक वेळा हॉस्पिटलच्या फायलीतच राहून जातो.