घोडा नसलेला काळा घोडा

गेल्या फेब्रुवारीत साताऱ्याहून माझा मामेभाऊ आला होता. वय वर्षं बारा. काळा घोडा फेस्टिव्हलच्या गर्दीत त्या उंच घोड्याखाली उभा राहून त्याने विचारलं, "दादा, याच्यावरचा माणूस कुठे गेला?"

मी म्हणालो, "नव्हताच कुणी."

फोर्टातल्या ऑफिसात तीन वर्षं काढलीत मी. उत्तर मात्र चुकीचं दिलं.

आपण ज्याच्यासोबत सेल्फी काढतो तो घोडा 2017 सालचा आहे. मूळ घोड्यावर माणूस होता, प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे झालेला सातवा एडवर्ड. तो 1875 साली मुंबईत येऊन गेला. त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी हा ब्राँझचा पुतळा शहराला दिला आणि 1879 मध्ये तो इथे उभा राहिला. पण लोकांनी राजपुत्राकडे फारसं लक्ष दिलं नाही. नाव पडलं ते घोड्याचं. 1965 साली पुतळा हलवला, तरी नाव जागचं हललं नाही. तब्बल 52 वर्षं तिथे घोडा नव्हता आणि तरीही लोक टॅक्सीवाल्याला 'काळा घोडा' एवढंच सांगून बरोबर पोचत होते.

मग खरा घोडा गेला कुठे? भायखळ्याला, राणीच्या बागेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिकडे गेलो. पोराला पेंग्विन बघायचे होते, मला माझी चूक दुरुस्त करायची होती. 1862 साली उघडलेल्या या बागेचं नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण तोंडात अजून राणीच. तिथे राजपुत्र घोड्यावर बसलेला सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ एक दगडी हत्तीही दिसला. एलिफंटाला एलिफंटा हे नाव ज्याच्यामुळे पडलं, तोच हा हत्ती. घारापुरीच्या किनाऱ्याजवळ तो पोर्तुगीजांना दिसला आणि त्यांनी बेटाला हत्तीचं नाव दिलं. 1864 मध्ये इंग्रजांनी त्याला उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना तो पडला, तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले आणि 1914 मध्ये जोडून पुन्हा उभे केले. म्हणजे आपण बोटीत बसून एलिफंटाला जातो आणि तो हत्ती इकडे भायखळ्यात.

संग्रहालयाच्या आवारात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही आहे. पूर्वी तो फोर्टात होता. 1896 साली चापेकर बंधूंनी याच पुतळ्याला डांबर फासलं होतं. पुढच्याच वर्षी पुण्यात रँडचा वध झाला.

तिथे उभा असताना मला वाटलं, हे पुतळे चौकातून हलवले ते बरंच झालं. स्वतंत्र देशाने आपल्या चौकात कुणाला उभं करायचं, हे स्वतः ठरवायला हवं. गेटवेसमोर पंचम जॉर्जच्या जागी 1961 च्या 26 जानेवारीला शिवाजी महाराजांचा पुतळा आला, तोही असाच निर्णय. पण हे पुतळे वितळवले, फोडले असते, तर मामेभावाच्या प्रश्नाला माझं 'नव्हताच कुणी' हेच उत्तर कायमचं चिकटलं असतं. ज्याच्या विरुद्ध चापेकर उभे राहिले तो पुतळाच दिसला नाही, तर डांबराची गोष्ट पोराला कशी सांगणार?

मी त्याला म्हणालो, "काल चुकीचं सांगितलं. हा बघ तो माणूस."

त्याने वर पाहिलं. "याला इथे का आणलं?"

या वेळी मी सगळं सांगितलं. पेंग्विनच्या रांगेत पोचेपर्यंत पुरलं.

मुंबई बघायला येणार असाल तर सकाळी काळा घोडा करा, मग भायखळ्याची लोकल पकडा. फक्त बुधवारी जाऊ नका, बाग बंद असते.