कोळशावरचे चारशे रुपये कुठे गेले?

‘कार्बन टॅक्स’ हा शब्द ऐकला की बऱ्याच जणांना वाटतं, हे युरोपचं काहीतरी आहे, आपल्याकडे यायला अजून वेळ आहे. आजचा भाग त्यावरच आहे. कारण आपल्याकडे तो आला, वाढला, त्याचं नाव दोनदा बदललं आणि गेलासुद्धा. पंधरा वर्षं होता. तुम्ही भरलात, मी भरला, माझ्या गावातल्या सूतगिरणीनेही भरला. फक्त कुणाच्या बिलावर तो त्या नावाने कधी छापून आला नाही.

वीजबिल काढून बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. यात ‘कार्बन’ कुठेच नाही. तो या सगळ्याच्या आधी, खाणीच्या तोंडाशीच लागायचा.

सुरुवात २०१० ची. प्रणव मुखर्जी अर्थमंत्री होते. त्यांनी बजेटमध्ये कोळशावर टनाला ५० रुपये ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ लावला आणि १ जुलैपासून तो सुरू झाला. देशी कोळसा असो की आयात केलेला, दोन्हींवर. पैसा ‘राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी’त जाणार आणि त्यातून सौर, पवन, संशोधन वगैरे होणार, असं ठरलं होतं. २०१४ मध्ये अरुण जेटलींनी ५० चे १०० केले, २०१५ मध्ये २००, आणि २०१६ मध्ये थेट ४००. त्याच वेळी नावही ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ झालं. सहा वर्षांत आठपट! आणि एवढं होऊन टीव्हीवर एक धड चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. पेट्रोल दोन रुपयांनी वाढलं तर काय होतं ते आपण बघतोच.

आता ‘उद्योग मरेल’ हा जो नेहमीचा मुद्दा असतो, तो आकड्यात तपासूया. मी इंजिनिअर आहे, पुण्यात कोड लिहितो, मला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. आपल्या औष्णिक केंद्रात एका युनिटला ढोबळमानाने ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे एका टनात चौदाशेच्या आसपास युनिट. ४०० रुपये भागिले १,४०० म्हणजे युनिटला २८ पैसे. सुरुवातीच्या ५० रुपयांना साडेतीन पैसे. बस.

हे शहाद्यात आणून बघू. आमच्याकडे दोन मोठी सहकारी धुराडी, दोन्ही पी. के. अण्णा पाटलांच्या काळातली. एक पुरुषोत्तमनगरचा सातपुडा तापी परिसर साखर कारखाना, दुसरी लोकनायक जयप्रकाश नारायण शेतकरी सहकारी सूतगिरणी. धुराडी म्हटलं खरं, पण सूतगिरणीला धूर नसतो, तिचा धूर दुसऱ्या गावात निघतो, औष्णिक केंद्रात. सूतगिरणीत कापसानंतरचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे वीज. चात्या फिरतात, हवेतली आर्द्रता सांभाळावी लागते, सगळं विजेवर. कुठल्याही गिरणीचा सर्वसाधारण हिशेब धरा: एक किलो सुताला तीन-चार युनिट, काउंटप्रमाणे कमी-जास्त. म्हणजे सगळी वीज कोळशाची धरली तरी कार्बनचा बोजा किलोमागे एक रुपया. किलोला दोनशेच्या वर विकणाऱ्या सुतावर.

एक रुपया म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. सूत धंद्यात नफाच किलोमागे दोन-चार रुपयांवर डुलत असतो, कापूस चढला की तोही जातो. पण आता दुसरा आकडा ऐका. राज्याच्या २०१८ ते २३ च्या वस्त्रोद्योग धोरणात सहकारी सूतगिरण्यांना युनिटमागे ३ रुपये वीज सवलत होती. तीन रुपये! दिल्लीने एका हाताने २८ पैसे घेतले आणि मुंबईने दुसऱ्या हाताने ३०० पैसे दिले. मग गिरणीमालक किंवा संचालक कार्बनबद्दल कशाला विचार करतील? कमी वीज खाणारी मोटर बसवायची की सवलतीच्या फाइलमागे मंत्रालयात चकरा मारायच्या, यात कशाला जास्त परतावा आहे हे त्यांना बरोबर कळतं.

आणि ही सवलत मुळात लागते का? कारण उद्योगाची वीज महाग आहे. ती महाग आहे कारण उद्योग शेतीची वीज ओढतो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात: एकाकडून खर्चापेक्षा जास्त घ्यायचं, दुसऱ्याकडून कमी. माझ्या घरची केळी साडेसात एचपीच्या मोटरवर जगते. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत बिल शून्य आहे, बळीराजा मोफत वीज योजनेत, तेवढं बिल सरकार भरतं. त्याआधीही शेतीचा दर खर्चापेक्षा कितीतरी खाली होताच. म्हणजे माझ्या घरची स्वस्त वीज आणि गावातल्या गिरणीची महाग वीज एकाच तारेची दोन टोकं आहेत. मला हे बोलायला अवघड जातं, पण ‘पर्यावरणवाल्यांमुळे उद्योगाला वीज महाग पडते’ असं कुणी म्हणालं की मी आधी त्याला हे सांगतो. २८ पैशांवर आरडाओरडा करायचा आणि रुपयांमधल्या फरकावर गप्प बसायचं, असं चालत आलंय.

साखर कारखान्याचं गणित उलटं आहे. त्याचं इंधन म्हणजे बगॅस, उसाचं चिपाड, उसाच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के. पूर्वी साखर कारखाने कमी दाबाच्या बॉयलरमध्ये ते कसंही जाळून टाकायचे, कारण उरलं तर ठेवायचं कुठे? कोळसा महाग झाला तर अशा कारखान्याची वीज आपोआप किमतीची होते. म्हणजे शहाद्याला कार्बनच्या किमतीत नुसतं हरायचंच होतं असं नाही.

जिंकण्याची गोष्ट जवळच, साक्री तालुक्यात घडली. नंदुरबारहून साक्रीकडे निघालं की छडवेल-ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्याच पवनचक्क्या. त्या उभ्या राहत होत्या त्या काळात क्योटो करार लागू झाला होता, १६ फेब्रुवारी २००५ पासून. त्यात सीडीएम नावाची सोय होती: भारतात स्वच्छ वीज करा, जेवढा कार्बन डायऑक्साइड वाचला त्याचं क्रेडिट युरोपातल्या कंपनीला विका. ढोबळ अकराशे युनिटला एक क्रेडिट. २००८ च्या मध्यात एक क्रेडिट २० युरोच्या वर होतं, म्हणजे युनिटमागे रुपयाच्या वर जादा कमाई. खान्देशच्या वाऱ्याला युरोपात भाव!

२०१२ संपता संपता तेच क्रेडिट एका युरोच्याही खाली गेलं. युरोपात मंदी, बाजारात क्रेडिटांचा पूर, आणि २०१२ नंतरच्या नव्या प्रकल्पांची क्रेडिट फक्त अतिगरीब देशांतूनच घेऊ हा युरोपचा नियम. वारा तोच, चक्की तीच, भाव गेला. आणि ज्यांच्या पायाखालच्या वनजमिनीवर त्या चक्क्या आल्या, त्या आदिवासींना चांगल्या भावाच्या दिवसांतही त्या बाजारात जागा नव्हती. सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेने वनहक्कासाठी तिथे आंदोलनं केली. २००६ चा वनहक्क कायदा एकीकडे, वनजमीन पवनऊर्जेला देण्याचे आदेश दुसरीकडे. स्वच्छ ऊर्जेच्या इतिहासात हा भाग सहसा तळटीपेत जातो. आपल्या भागात तरी जाऊ नये.

बरं, मग कोळशाच्या उपकराचं काय झालं? २०१०-११ ते २०१७-१८ मध्ये जमा झाले ८६,४४० कोटी. त्यातले स्वच्छ ऊर्जा निधीत पोचले २९,६४५ कोटी. प्रकल्पांना दिले गेले १५,९११ कोटी. शंभरातले अठरा रुपये. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हा उपकर ‘जीएसटी भरपाई उपकर’ झाला. टनाला ४०० तेच, पण आता राज्यांची महसुली तूट भरायला. नावातून ‘स्वच्छ’ गेलं ते इथे. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही बंद. त्याऐवजी कोळशावरचा जीएसटी ५ चा १८ टक्के झाला.

यात एक बारीक गोम आहे. ४०० रुपये वजनावर होते, १८ टक्के किमतीवर आहेत. म्हणजे राखेने भरलेल्या स्वस्त कोळशावर आता कर कमी आणि चांगल्या कोळशावर जास्त. कार्बनच्या दृष्टीने हे उफराटं झालं. शिवाय वीज जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे वीज कंपनीला हा कर वजा करून घेता येत नाही. तो विजेच्या दरातच मुरतो.

गंमत बघा, आपण खाणीवरचा भाव काढला आणि चारच महिन्यांत, १ जानेवारी २०२६ ला, युरोपने सीमेवरचा लावला. सीबीएएम. सध्या तो पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा मालावर आहे, सुतावर नाही. त्यात तरतूद आहे की मूळ देशात कार्बनची किंमत भरली असेल तर तेवढी वजा मिळेल. म्हणजे पैसा इथे घ्या, नाहीतर तिथे द्या. आपला नवा मार्ग म्हणजे २०२३ ची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना. त्यात सरकार पैसे गोळाच करत नाही. मोठ्या कारखान्यांना उत्पादनामागे उत्सर्जनाची मर्यादा, जो खाली राहील तो क्रेडिट विकणार, जो वर जाईल तो विकत घेणार. निवडलेल्या क्षेत्रांत वस्त्रोद्योग आहे. औष्णिक केंद्रं सुरुवातीला नाहीत. कापड गिरणीला मर्यादा आणि तिची वीज बनवणाऱ्याला नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी पिठाची गिरणी, जिनिंग, ऑइल मिल असेल तर एक काम करा. २०१५ आणि २०१७ ची जुनी बिलं सापडतात का बघा, आणि ‘इंधन समायोजन आकार’ या ओळीचा फोटो पाठवा. नाव-पत्ता झाकून. पुढच्या भागात त्या आकड्यांवर बसू.