पडीक परसबागेची कमी खर्चात दुरुस्ती: आधी माती, पाणी आणि कुंपण, रोपे शेवटी

बहुतेक शेतकरी कुटुंबांच्या घरामागे थोडी तरी मोकळी जागा असते. तिथे विटांचे तुकडे, वाढलेले गवत आणि न्हाणीचे पाणी साचलेला कोपरा असतो. जून आला की उत्साहाने वीस-पंचवीस रोपे आणली जातात. त्यातली काही कोंबड्या उकरतात, काही पाणी साचून कुजतात आणि दिवाळीपर्यंत दोन-चार उरतात. शेतात टनावारी उत्पादन काढणाऱ्या घरात कोथिंबिरीची जुडी मात्र आठवडी बाजारातून येते.

यात चूक रोपांची नसून खर्चाच्या क्रमाची असते. पुढील माहिती २० फूट × १५ फूट, म्हणजे पाव गुंठ्याहून थोड्या मोठ्या जागेसाठी आहे. कामाला उन्हाळ्यातच सुरुवात करावी.

ऊन कुठे पडते ते पाहा

सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता सावली कुठवर येते तिथे खुंट्या ठोका. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी यांना रोज किमान पाच-सहा तास ऊन लागते. पालक, मेथी, अळू थोड्या कमी उन्हातही येतात. बाग घराच्या उत्तरेला असेल तर मे महिन्यातल्या उन्हावर विसंबू नका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि घराची सावली वाफ्यांवर पसरते. अशा ठिकाणी भिंतीलगत रब्बीत फळभाजी घेऊ नये.

माती

घरालगत एक फूट खणून पाहा. बांधकामाचा राडारोडा निघाला तर तो वेचून बाहेर काढा. सिमेंट-चुन्यामुळे माती अधिक विम्लधर्मी होते आणि पिकाला लोह मिळत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. लोक युरिया टाकतात, पाने पिवळीच राहतात. शेतातील मातीचे नमुने तपासणीला देताना परसबागेचाही एक नमुना वेगळ्या पिशवीत द्यावा.

लव्हाळा असेल तर नुसता वरून कापू नका, गाठींसकट खणून वेचा. पुठ्ठा अंथरून तो दबत नाही, टोचून वर येतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण याला पैसे लागत नाहीत.

शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी घाईने घरामागे अर्धवट कुजलेले शेण टाकले होते. वांग्याची रोपे एकेक करून सुकली; उपटल्यावर मुळाशी हुमणीच्या अळ्या निघाल्या. सल्ला इतरांना देत होतो, स्वतःच्या दारात मात्र विसरलो!

वाफे ३ फूट रुंद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि माती तुडवली जात नाही. १० फूट लांबीच्या वाफ्याला दोन घमेली शेणखत पुरते. काळ्या जमिनीत वाफा अर्धा फूट उंच करावा, मुरमाड हलक्या जमिनीत सपाट ठेवावा. कडेला जुन्या विटा किंवा फुटकी कौले लावा.

पाणी

आराखडा काढण्याआधी एक प्रश्न विचारा: पाणी कोण घालणार? उत्तर बहुधा घरातली बाईच असते आणि तिच्या कामात आणखी दहा हंड्यांची भर पडणार असेल तर बाग मार्चमध्ये वाळणारच. विस्तार कार्यकर्त्यांनी बचत गटाच्या बैठकीत बियाणे वाटण्यापूर्वी यावर बोलावे. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी थेट वाफ्यांना द्या. साबणाचे पाणी पालेभाज्यांवर सोडू नका. ते विटांच्या तुकड्यांच्या व वाळूच्या खड्ड्यातून केळी आणि अळवाकडे वळवा. वाफ्यांवर पाचट किंवा पेंढ्याचे दोन इंची आच्छादन केल्यास पाण्याच्या पाळ्या कमी होतात.

कुंपण

इथे मात्र हात आखडू नका. माझ्या मते दोन हजार रुपये हाताशी असतील तर निम्म्याहून अधिक जाळी आणि बांबूंवर जावेत. जुन्या साड्यांचे कुंपण कोंबड्यांना काही दिवस अडवते, शेळीला नाही. शेळी एका संध्याकाळी दोन महिन्यांचे काम संपवते. याच जाळीवर पावसाळ्यात दोडका, कारले चढवा, म्हणजे वेगळा मांडव लागत नाही. वेलांना सुरुवातीला फक्त नर फुले येऊन गळतात, त्यासाठी कसलीही फवारणी करू नये.

लागवड

मेथीचे अख्खे पाकीट एकाच दिवशी पेरणे ही नेहमीची चूक. मेथी व पालक साधारण महिन्यात, कोथिंबीर व मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढणीला येतात. म्हणून वाफ्याचे चार भाग करून दर दहा-बारा दिवसांनी एक भाग पेरावा. धणे रगडून, दोन भाग करून पेरावेत. शेवगा आणि कढीपत्ता प्रत्येकी एकच, तोही उत्तरेच्या कडेला, म्हणजे त्यांची सावली वाफ्यांवर येत नाही. शेवगा तीन-चार फूट झाला की शेंडा खुडावा.

वाल, घेवडा, दोडका यांचे देशी बियाणे शेजारून मागून आणा आणि पुढच्या वर्षासाठी धरा. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली ती असेच देशी वाण जपण्याच्या कामासाठी. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये, पुढची पिढी एकसारखी येत नाही.

फवारणी

मावा, तुडतुडे दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. एक लिटरसाठी ५० ग्रॅम निंबोळी भुकटी रात्रभर भिजवून गाळावी व थोडे साबणाचे पाणी मिसळावे. कपाशीवर मारून उरलेले कीटकनाशक परसबागेत कधीही फवारू नका. तीच भाजी दुसऱ्या दिवशी मुलांच्या ताटात असते. तणनाशकाचा पंपही इथे आणू नका. २,४-डी चा अंश राहिलेल्या पंपाने टोमॅटो आणि वेलांची पाने आखडून वाकडी होतात आणि लोक त्याला विषाणूजन्य रोग समजतात. त्यापेक्षा एक लिटरचा छोटा हातपंप घ्या, त्यावर रंगाने खूण करा आणि तो स्वयंपाकघराच्या बाजूलाच टांगून ठेवा.