अपुऱ्या बांधकामाचा हिशेब

धरण, पूल किंवा बोगदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अभियंता उभा राहतो. त्याच्याच शेजारी, पत्र्याच्या खोलीत, धुळीने माखलेल्या वह्यांपुढे बसलेला हिशेबनीस मात्र कोणाच्या स्मरणात राहत नाही. अभियांत्रिकीचा खर्च झेपत नाही अशा घरांतील, परंतु गणितात पक्की असलेली मुले आपल्या समाजात प्रत्येक पिढीत निपजली. बांधकामाच्या धंद्याचे जे दार त्यांना उघडे होते ते याच पत्र्याच्या खोलीचे. त्या दाराचा इतिहास या स्मरणिकेच्या वाचकांपुढे थोडक्यात मांडावा, असा हेतू आहे.

प्रारंभ बोरघाटापासून करणे योग्य होईल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ साली घाटाचे काम सुरू केले आणि ते विल्यम फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदारास दिले. डोंगर पोखरून पंचवीस बोगदे काढावयाचे होते. पैसा रेल्वेकडून कंत्राटदाराकडे, तेथून पोटकंत्राटदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि शेवटी उरलासुरला मजुराच्या हाती, अशी त्याची वाट होती. या वाटेत मजुरी थकत गेली व जानेवारी १८५९ मध्ये घाटात दंगल उसळली. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. पुढे आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट तडीस नेले. १८६१ साली घाटात बेचाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. १८६३ साली घाट वाहतुकीस खुला झाला. पाठ्यपुस्तके ही कथा बोगद्यांची म्हणून सांगतात. मला ती हजेरीपटाचीही वाटते, कारण त्या वर्षी काम अडले ते पैसा मजुरापर्यंत न पोहोचल्यामुळे. सरकारलाही ते उमगले असावे. मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्यापुढे झटपट निकालात काढण्याचा कायदा लगोलग, १८६० साली, करण्यात आला.

बांधकामाच्या हिशेबाची दोन मूळ साधने आहेत. पहिले हजेरीपट आणि दुसरे मोजमाप पुस्तक. सार्वजनिक बांधकाम खात्यात या दुसऱ्या पुस्तकास ‘एम. बी.’ म्हणतात. त्याची पाने क्रमांकित असतात. पान फाडावयाचे नाही, खाडाखोड करावयाची नाही, आकडा चुकल्यास तो वाचता येईल अशा रीतीने त्यावर रेघ मारून शेजारी योग्य आकडा लिहावयाचा व सही करावयाची, असा दंडक आहे. खडी व वाळू किती ब्रास, खोदाई किती, दगडकाम किती हे सर्व प्रथम येथे उतरते आणि मग त्यावरून बिल होते. हिशेबनिसाचे काम बिल आले म्हणजे सुरू होते, अशी बाहेरच्या माणसाची समजूत असते. वास्तविक मुकादमाने घेतलेली उचल, कोठीतून गेलेले सिमेंट आणि झालेल्या कामास नियमाप्रमाणे लागावयास हवे होते तेवढे सिमेंट यांचा मेळ रोज घालावा लागतो. पोत्यांचा मेळ बसला नाही, तर एक तर भिंतीत सिमेंट कमी पडले किंवा पोती कुंपणाबाहेर गेली. दोन्ही गोष्टी पहिल्याने हिशेबाच्या वहीतच दिसतात.

हिशेबाच्या कारकुनीतून बांधकामाच्या धंद्यात शिरता येते, याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेतील कारकुनी सोडून कंत्राटी कामात पडलेले गृहस्थ. विसाव्या शतकाच्या आरंभी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी त्यांच्याशी भागीदारी केली. बार्शी लाइट रेल्वेच्या लहानशा कामापासून निघालेला हा मार्ग पुढे १९२६ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीपर्यंत गेला. त्या दशकात बोरघाटातील नव्या बोगद्यांचे कामही वालचंदांकडे आले. ज्या घाटात इंग्रज कंत्राटदार टेकीस आला होता, तेथे आता देशी कंत्राटदाराचा हजेरीपट चालू लागला.

लेखापालाच्या व्यवसायाला प्रतिष्ठा आली ती याच सुमारास. मुंबईस १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय निघाले. त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षकास सरकारी दाखला आवश्यक केला. १९१८ पासून मुंबईत लेखाशास्त्राची सरकारी पदविका, म्हणजे ‘जी. डी. ए.’, मिळू लागली. मात्र उमेदवारीसाठी लेखापालास प्रीमियम मोजण्याची रीत होती, त्यामुळे गरिबाच्या मुलास हे दार अर्धेच उघडे राहिले. १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांची संस्था कायद्याने अस्तित्वात आली. परिव्यय लेखापालांची संस्था १९४४ ची, तिला कायद्याचे अधिष्ठान १९५९ साली लाभले.

परंतु कामाच्या जागेवर बहुतेक माणसे सनदीविनाच होती. मॅट्रिक झालेला मुलगा टाइमकीपर म्हणून लागे, मग कोठीवर, मग बिलांवर, आणि नशीब व अक्षर दोन्ही चांगले असल्यास साइट अकाउंटंट होई. मुक्काम तंबूत अथवा पत्र्याच्या चाळीत, कुटुंब गावी, आणि धरण पुरे झाले की बिऱ्हाड पुढल्या नदीवर. त्यांच्या कष्टाची कल्पना यावी म्हणून एकच गोष्ट सांगतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात. हजारो मजुरांच्या आणे-पैंतल्या मजुऱ्या नव्या पैशांत उतरवताना प्रत्येक ओळीत अपूर्णांक उरणार, आणि तो अपूर्णांक मजुराच्या पदरात टाकायचा की कंपनीच्या, हा प्रश्न प्रत्येक पगाराच्या दिवशी हिशेबनिसापुढे येणार. मागोमाग मेट्रिक मापेही आली. ब्रास मात्र या सर्वांना पुरून उरला. शंभर घनफुटांचा तो ब्रास आजही खडीवाल्याच्या तोंडी आहे.

आता या धंद्याच्या मर्माकडे वळू. शाळेत आपण काळ-काम-वेगाची गणिते शिकवितो. बारा मजूर एक भिंत आठ दिवसांत बांधतात, तर आठ मजूर किती दिवसांत बांधतील? उत्तर बारा दिवस. भिंत पुरी होते आणि गणितही संपते. बांधकाम कंपनीत मात्र भिंत अर्धी असतानाच ३१ मार्च उजाडतो, आणि भागधारक विचारतात की नफा किती? समजा, कंत्राट शंभर लाखांचे आहे व एकूण खर्च ऐंशी लाख येईल असा अंदाज आहे. वर्षअखेर चाळीस लाख खर्ची पडले, म्हणजे काम निम्मे झाले. उत्पन्न पन्नास लाख धरावयाचे आणि नफा दहा लाख. पुढल्या वर्षी खडक कठीण लागला व अंदाज एकशेदहा लाखांवर गेला. आता कंत्राटात दहा लाखांचा तोटा दिसतो. काम अपुरे असले तरी तो तोटा संपूर्णपणे त्याच वर्षी दाखविणे भाग आहे; शिवाय आधीचा नफाही पुसला जातो. एका वर्षात वीस लाखांचा फरक!

हा अंदाज कोण देतो? अभियंता. त्याचा स्वभाव आशावादी. ‘पावसाळ्याआधी उरकतो’ हे त्याचे वचन. तो अंदाज खोदून पाहणे हे लेखापालाचे काम, आणि त्यासाठी त्याला बोगद्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहावे लागते. काम संपेपर्यंत नफा न दाखविण्याची मुभा १९८३ च्या लेखामानकात, म्हणजे ‘ए. एस. ७’ मध्ये, होती. २००२ च्या सुधारणेने ती काढून घेतली. मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१८ पासून ‘इंड ए. एस. ११५’ हे मानक लागू झाले. खर्च मांडणारा कारकून या मार्गाने अपुऱ्या कामाचे मोल ठरविणारा अधिकारी झाला, आणि म्हणूनच त्याला संचालक मंडळात खुर्ची मिळाली. लार्सन अँड टुब्रो ही दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ साली मुंबईत सुरू केलेली कंपनी. अशा अभियंत्यांच्या घरात यशवंत देवस्थळी हे सनदी लेखापाल अर्थविभागाचे प्रमुख व संचालक झाले आणि पुढे एल. अँड टी. फायनान्स होल्डिंग्जचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

टाइमकीपरपासून वर चढण्याची जुनी शिडी आता जवळजवळ मोडली आहे, याचे मला वाईट वाटते. आज परीक्षेवाचून गत्यंतर नाही. मात्र प्रीमियमचे दिवस गेले. उमेदवाराला उलट विद्यावेतन मिळते, आणि २०२३ च्या नव्या योजनेनुसार उमेदवारी तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची झाली आहे. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीडिएट व उमेदवारी, मग अंतिम परीक्षा असा क्रम आहे. उमेदवारीच्या अखेरीचे काही महिने मान्यताप्राप्त औद्योगिक कंपनीत घालविण्याची सोय आहे. ज्यांना बांधकामाच्या धंद्यात जावयाचे आहे त्यांनी हे महिने मुख्य कचेरीत न काढता प्रत्यक्ष कामाच्या जागेवर मागून घ्यावेत आणि पहिल्याच आठवड्यात कोठीवाल्याकडून खडीचा ढीग फुटपट्टीने मोजावयास शिकून घ्यावे.