भुलीच्या सुईची आग

"मुंगी चावल्यासारखं वाटेल," डॉक्टर म्हणाले. पाठीवरची चरबीची गाठ काढायची होती. मुंगी कसली, कुणी पेटती उदबत्ती टेकवावी तशी आग झाली! दोन-तीन मिनिटांत सगळं बधिर. गाठ कधी निघाली ते कळलंही नाही. लक्षात राहिली ती सुई. दुखणं थांबवणारं औषधच का दुखतं?

सुरुवातीला सुई नव्हतीच. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखवला. हायडेलबर्गच्या परिषदेत त्याचा निबंध दुसऱ्याने वाचला, कारण कोलरकडे प्रवासापुरते पैसे नव्हते. पण धडधाकट कातडीतून थेंब आत जात नाहीत. म्हणून सुई आली. कोकेनचं व्यसन लागायचं, जीवही जायचे. म्हणून नवी औषधं शोधली गेली. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिडोकेन बनवलं. लुंडक्विस्टने ते स्वतःलाच टोचून पाहिलं. १९४८ पासून ते झायलोकेन नावाने विकलं जाऊ लागलं.

आग होण्याचं मोठं कारण बाटलीत आहे. लिडोकेन पाण्यात नीट विरघळून टिकावं म्हणून द्रावण आम्लधर्मी ठेवतात. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून त्यात अॅड्रेनालिन असेल, तर आणखी आंबट. नाहीतर अॅड्रेनालिन लवकर खराब होतं. म्हणजे बाटली महिनोन्‌महिने टिकावी म्हणून केलेली सोय आपल्या कातडीला सोसावी लागते.

यावर उपाय साधा आहे. साधारण नऊ-दहा भाग औषधात एक भाग ८.४ टक्क्यांचं सोडियम बायकार्बोनेट मिसळलं की आंबटपणा उतरतो आणि आग कमी होते. औषध अंगाइतकं कोमट करणं, बारीक सुई वापरणं, सावकाश टोचणं यांचाही उपयोग होतो. लहान मुलांसाठी लिडोकेन आणि प्रिलोकेनचं मलम मिळतं, पण ते तासभर आधी लावावं लागतं.

मात्र बायकार्बोनेट मिसळलेलं औषध फार टिकत नाही. ते कारखान्यात भरून ठेवता येत नाही, टोचण्याआधी ताजंच करावं लागतं. कोलरपासून एवढी रसायनं शोधून झाली, तरी शेवटची पायरी अजून सिरिंज हातात धरलेल्या माणसाच्या एका मिनिटावर अवलंबून आहे.

पुढच्या वेळी टेबलावर पालथं झोपण्याआधी मी ते मिनिट मागणार आहे. तुम्हीही मागा.